चौदा घरांचा साचा

मित्रांनो, मोडक्या पत्र्याखाली कलंडलेला हा गंजका लोखंडी सांगाडा पाहून तुम्हाला वाटेल, एखाद्या गुऱ्हाळाचे काहीतरी उरले असावे. तसे नाही. मी विटांचा एक जुना साचा आहे. माझ्या पोटात चाळलेली माती घालायची, झाकण लावायचे आणि माझा लांब दांडा दोघांनी लोंबकळून खाली ओढायचा, की मातीची वीट होते. भट्टी नको, कोळसा नको. ऐकायला सोपे वाटते. करून पाहा, म्हणजे दुसऱ्या दिवशी घास तोंडापर्यंत नेताना खांदे काय म्हणतात ते कळेल.

माझा जन्म हैदराबादेत, अफझलगंजच्या मागच्या एका गल्लीतला. तिथल्या म्हाताऱ्या लोहाराने मला जाड पत्र्यांतून जोडले, माझ्या कडा कानशीने घासून सरळ केल्या आणि दांडा बसवून झाल्यावर स्वतःच त्याला लटकून पाहिले. मी हललो नाही. तेव्हा तो समाधानाने खोकला आणि म्हणाला, की हा साचा माझ्यानंतरही माती दाबत राहील. त्याची अर्धी गोष्ट खरी झाली. तो गेला, आणि माझे दाबणेही थांबले.

मला न्यायला आले हिम्मतराव मेस्त्री. हैदराबादेत गवंड्याला मेस्त्री म्हणतात. चाळीस वर्षे त्यांनी लोकांची घरे बांधली होती. चिक्कडपल्लीतल्या निम्म्या गच्च्या आपल्या हाताखालून गेल्या, असे ते सांगत. निम्म्या नसतील, पण दहा-बारा नक्की असतील. स्वतः मात्र काचीगुडा स्टेशनामागे भाड्याच्या खोलीत राहत. त्यांच्यासारखीच तेरा कुटुंबे त्या भागात होती. सगळी केव्हा ना केव्हा नांदेड-परभणीकडून गाडीत बसून काचीगुड्याला उतरलेली आणि उतरली तिथेच राहिलेली. कुणी हमाली करी, कुणी रिक्षा चालवी, कुणी चार घरची धुणीभांडी करी. हातावर पोट, आणि विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर.

या चौदा कुटुंबांना शहराबाहेर, रिंगरोडच्याही पलीकडे, खडकाळ माळावर साठ-साठ चौरस गजांचे तुकडे सरकारकडून मिळाले होते. कागद तेलुगूत होता. त्यात अट एकच होती. तीन वर्षांत घर बांधायचे आणि राहायला जायचे. पहिली बस धरून शेवटच्या थांब्यावर उतरायचे आणि मग तासभर चालायचे, तेव्हा तो माळ येई. तिथे दगड होते, सीताफळाची झुडपे होती आणि पायाखाली तांबडी माती होती. हिम्मतरावांनी ती मूठभर उचलून चोळली, वास घेतला आणि म्हणाले, वीट विकत आणायची गरज नाही, वीट इथेच झोपलेली आहे. म्हणून मी आलो.

आता ज्या बाईमुळे मी ही कहाणी सांगतो, तिची ओळख करून देतो. तारामती तिचे नाव. ती चिक्कडपल्लीच्या एका वसतिगृहात पोरींचा स्वयंपाक करी. नवरा वारला होता. निशिगंधा नावाची एक मुलगी होती, दुसरीत शिकणारी. खोली फार दिवस ठेवली की भाडेकरू चिकटून बसतो, असे घरमालकांना वाटते, म्हणून तारामतीला वर्ष-दीड वर्षात प्रत्येक खोली सोडावी लागे. आतापर्यंत सात खोल्या झाल्या होत्या. पोरीची शाळा दोनदा बदलली होती. तारामतीला मोठे घर नको होते, सज्जा नको होता, रंग नको होता. जिथून कुणी ‘आता निघा’ म्हणणार नाही असा एक दरवाजा तिला हवा होता. इतकेच तिचे मागणे होते.

पहिल्या रविवारी हिम्मतरावांनी सगळ्यांना माझ्याभोवती उभे केले आणि आपल्या मनातली भीती सांगितली. पूर्वी एका वस्तीत त्यांनी असेच हातबांधणीचे काम पाहिले होते. तिथे ज्यांची घरे आधी झाली ते आत राहायला गेले आणि दुसऱ्यांच्या भिंतींकडे पुन्हा फिरकले नाहीत. शेवटच्या पाच जणांची जोती अजून तशीच आहेत, त्यांत बाभळी उगवल्या आहेत. म्हणून इथे नियम वेगळा असेल. चौदा घरे सगळ्यांनी मिळून उचलायची. कोणते घर कुणाचे, ते ठरवायचेच नाही. शेवटच्या घरावर छत चढले, की त्या दिवशी चिठ्ठ्या काढायच्या आणि सगळ्यांनी एकदम आत जायचे. तोपर्यंत एकाही घरात कुणी एक वाटीसुद्धा ठेवायची नाही.

मित्रांनो, मला हा नियम फार आवडला. घर कोणाला लागेल ते माहीत नसले, की माणूस प्रत्येक भिंत स्वतःची समजून बांधतो. चौदा जणांनी माझ्या दांड्यावर एकावर एक हात ठेवले आणि शपथ घेतली. सगळ्यात वर तारामतीचा हात होता, कणकेने चिरा पडलेला.

मग माझे सोन्याचे दिवस आले. रविवार उजाडला, की माळावर माणसांचा आवाज येई. बायका माती चाळीत, पुरुष खडक फोडीत. थोडे सिमेंट, पाण्याचा शिपका, आणि ते मिश्रण माझ्या पोटात. दिवसाला तीनशे विटा मी पाडल्या आहेत. त्या गोणपाटाखाली रचून तीन आठवडे पाणी पाजावे लागे, आणि पाणी तर माळावर टिपूस नव्हते. मग तारामती आणि तिची मैत्रीण पद्मावती दोघी मधल्या वारी, कामावरून सुटल्यावर, बस धरून येत आणि खालच्या खाणीतल्या डबक्यातून घागरी वाहत. पद्मावती मोठी बोलकी होती. ती विटांना म्हणे, प्या गं बायांनो, आमच्या लेकरांना एवढं कुणी पाजलं नाही.

घर पाहावे बांधून म्हणतात, ते मी चौदा वेळा पाहिले. तारामती भिंतीच्या प्रत्येक थराला हात फिरवून बघे. कुठे वीट बाहेर आली असेल तर हिम्मतरावांना ती काढून परत लावायला लावी. ते चिडून म्हणत, की तूच मेस्त्री हो आणि मी भाकऱ्या थापतो. पण काढून परत लावत. चौदापैकी कोणत्या घरात आपण झोपू ते माहीत नव्हते, म्हणून तिने चौदाही घरांत खिडकी पूर्वेला ठेवायला लावली. पोरीला सकाळी उजेडात अभ्यास करता यावा, असे तिचे म्हणणे होते.

आम्हाला पाहायला लोक येऊ लागले. माधापूरकडे नोकरी करणारी पुण्या-मुंबईची काही शहाणी मुले-मुली मोटारीतून आली. त्यांनी माझे फोटो काढले, दांडा ओढून पाहिला आणि हातांना फोड आणून घेतले. एकीने तारामतीला विचारले, की घर कुणाला मिळेल ते माहीत नसताना कसे काम करता. तारामती लाजून म्हणाली, की पोरींच्या मेसमध्ये भाकरी करते तेव्हा तरी कुठे माहीत असते कोण खाणार. या उत्तराचे सगळ्यांना फार कौतुक वाटले. मलाही वाटले. मी तेव्हा गर्वाने फुगलो होतो, हे कबूल करतो.

दोन वर्षांत अकरा घरांवर छत चढले. दारे लागली, कुलपे लागली. किल्ल्या हिम्मतरावांच्या डब्यात राहिल्या. उरली तीन घरे. मग गाडी अडली. हिम्मतराव परांचीवरून पडले आणि मांडीचे हाड मोडून चार महिने अंथरुणाला खिळले. खाणीतले डबके आटले. दोघातिघांना नोकरीवर रविवारची पाळी लागली. एक कुटुंब सहा महिने गावी गेले. चौदा कुटुंबांच्या जागी सहा-सात माणसे येऊ लागली. हिम्मतरावांनी एक हिशेब केला होता, की घर मिळाले की माणूस काम सोडतो. घर न मिळालेला माणूसही एक दिवस थकतो, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. ते माझ्याही डोक्यात आले नव्हते, पण माझ्या डोक्याला झाकणच आहे, आत काही नाही.

मुदत संपायला चार महिने उरले होते. त्या रविवारी तारामती एका ऑटोत दोन ट्रंका, एक गादी, गॅसची शेगडी आणि भांड्यांचे पोते घालून थेट माळावर आली. मागच्या सीटवर निशिगंधा मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. आठव्या खोलीच्या मालकाने आदल्या दिवशी कुलूप लावले होते. हिम्मतराव कुबडी घेऊन माझ्या पत्र्याखाली बसले होते. तारामती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“अण्णा, सहा नंबरचं घर पक्कं झालंय. दोन-चार महिने राहू द्या. चिठ्ठीत ज्याचं निघंल त्याला त्याच दिवशी मोकळं करून देते.”

हिम्मतरावांनी कुबडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “तारा, तुला हौ म्हणलं तर उद्या दुसऱ्याला नक्को कसं म्हणू?”

मुदत जवळ आली म्हणून त्या रविवारी अकरा कुटुंबांची माणसे आली होती, त्या सगळ्यांना त्यांनी जवळ बोलावले. सगळ्यांना तारामतीची दया आली. पण पद्मावती हळूच म्हणाली, की तिचीही खोली गळते आहे आणि सासू दम्याने बेजार आहे, मग तिलाही एक घर द्यावे. मग आणखी एकाने विचारले. मग तिसऱ्याने. पाहता पाहता अकरा घरांना अकरा जण झाले, आणि जे त्या दिवशी आले नव्हते त्यांच्या वाट्याला छत नसलेली तीन घरे उरली. कुणीतरी आवाज चढवला. हिम्मतरावांचा चेहरा उतरला. ज्या वस्तीची गोष्ट ते सांगत, तीच त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहत होती.

तेव्हा तारामतीच मध्ये पडली. म्हणाली, “राहू द्या अण्णा. माझ्यामुळं मोडायला नको. मीबी हात ठेवला होता.”

तिने ऑटोवाल्याला थांबवूनच ठेवले होते. सामान पुन्हा चढवले गेले. ती सहा नंबरच्या दारावरून गेली तेव्हा तिने एकदा त्या कुलपाला हात लावला. सगळ्यांनी तिचे कौतुक केले, हिम्मतरावांनी तर डोळे पुसले. आणि मी, मित्रांनो, मी मनात म्हणालो, शाब्बास. माझ्या आयुष्यात मला एका शब्दाची लाज वाटते, तर त्या शब्दाची वाटते.

ती नवव्या खोलीत गेली. ती खोली मुसी नदीच्या काठाला, जिन्याखालची होती. निशिगंधाची शाळा तिसऱ्यांदा बदलली.

उरलेल्या तीन घरांवर छत चढलेच नाही आणि मुदत संपली. तपासणीची माणसे आली ती एका मंगळवारी. मंगळवारी माळावर कोण असणार? मी एकटा होतो. दोघे मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी प्रत्येक कुलपाचा फोटो काढला. खिडकीतून आत डोकावले. चूल नाही, दोरीवर कपडा नाही, विजेचे मीटर नाही, केरसुणी नाही. चौदा घरांसमोर त्यांनी चौदा वेळा तेच लिहिले. ती वाईट माणसे नव्हती. एकाने माझ्या विटेवर बोट वाजवून पाहिले आणि दुसऱ्याला काम चांगले असल्याचे सांगितले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मित्रांनो, माझे झाकण उघडले तर त्यातून वीट निघते, शब्द निघत नाही.

पुढच्या महिन्यात दारावर नोटीस लागली. तीही तेलुगूत. रविवारी ती निशिगंधाने वाचून दाखवली, कारण शाळेत तेलुगू शिकणारी ती एकटीच तिथे होती. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. जमीन परत घेतली आहे, कारण लाभार्थी राहत नाहीत.

सगळे मिळून कार्यालयात गेले. तिथे काय झाले ते मी नंतर त्यांच्या तोंडून ऐकले. साहेबाने शांतपणे फाईल उघडली आणि विचारले, घर क्रमांक एक कुणाचे. हिम्मतराव म्हणाले, सगळ्यांचे. दोन कुणाचे? सगळ्यांचे. साहेब म्हणाले, अर्जात प्रत्येक घरापुढे एक नाव लागते, सगळ्यांचे असा रकाना नाही. हिम्मतराव म्हणाले, आत्ता इथेच चिठ्ठ्या काढतो. ते वरातीमागून घोडे होते. तपासणी झाली त्या तारखेला जे होते तेच धरायचे, असा हुकूम होता. मुदत संपली होती, आणि शेजारच्या सगळ्या माळासकट ती जागा कुठल्याशा मोठ्या कामासाठी देऊन झाली होती.

निघताना साहेबाने तारामतीकडे पाहून एक वाक्य म्हटले. ते त्याने चांगल्या मनाने म्हटले, म्हणून अधिक लागले.

“अम्मा, एका घरात जरी चूल पेटलेली दिसली असती ना, तर मी वस्ती आहे असं लिहू शकलो असतो.”

हिम्मतराव तिथेच बाकावर बसले. त्यांना उठवायला दोघे लागले.  तारामतीची शेगडी, तिची भांडी, तिचे लेकरू त्या दिवशी दारापर्यंत आले होते. हे सगळ्यांना आठवत होते, आणि म्हणून बसमध्ये कुणी कुणाकडे पाहिले नाही.

पुढचे महिनाभर अर्ज झाले, खेटे झाले, कुणाकुणाच्या ओळखी काढून झाल्या. मोटारीतून आलेल्या त्या मुलांपैकी दोघांनी धडपड केली, पत्रे लिहून दिली. नाकी नऊ आले, पण उत्तर बदलले नाही. घरे पाडायला मंगळवारी यंत्र येणार, असे कळले. शेवटच्या रविवारी सगळी चौदा कुटुंबे माळावर आली. वर्षभरात प्रथमच एकही गैरहजर नव्हते. हिम्मतरावांनी एक स्टीलचा डबा आणला होता. त्यात चौदा चिठ्ठ्या होत्या. ते म्हणाले, घरे तर राहत नाहीत, पण आपले कोणते होते ते तरी प्रत्येकाला कळू द्या. मी एवढेच देऊ शकतो.

डबा त्यांनी आधी तारामतीपुढे धरला. 

ती म्हणाली, “नक्को अण्णा. आजवर चौदातलं एक माझं म्हणून जगले, तर चौदाही माझीच वाटली. चिठ्ठी उघडली, की एकच माझं व्हईल. आन् मंगळवारी तेवढंच पडताना मला दिसंल.”

मग हिम्मतरावांनी मान खाली घालून विचारले, की त्या दिवशी तुला किल्ली द्यायला हवी होती ना. ती त्यांना नाही म्हणाली असती तर त्यांना बरे वाटले असते. वडिलांच्या जागी होते ते तिला. पण ती खोटे बोलली नाही.

“हौ, अण्णा. द्यायला पाहिजे होती. आन् मीबी मागत राहायला पाहिजे होतं.”

डब्यात कुणीच हात घातला नाही.

मंगळवारी यंत्र आले, पिवळे, लांब सोंडेचे. त्याने सहा नंबरच्या भिंतीला पहिला धक्का दिला. भिंत हलली नाही. दुसरा दिला, तरी नाही. चालक खाली उतरला, विटेला हात लावून पाहिला आणि सोबत्याला विचारले, की ही कुठल्या भट्टीची. मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती अभिमानाने भरून आली. माझी वीट होती ती. तारामतीने घागरी वाहून पाजलेली. आणि लगेच मला कळले, की मी कशाचा अभिमान बाळगतो आहे. भिंती जितका वेळ टिकल्या तितका वेळ तारामतीला पाहावे लागले. ती कामावर खाडा करून आली होती. मी मऊ विटा पाडल्या असत्या तर तिचे लवकर सुटले असते. दुपारपर्यंत चौदाही घरे खाली बसली. पूर्वेच्या खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या ढिगातून वर आलेल्या होत्या.

निशिगंधाने आईचा पदर धरून विचारले, “आई, आपलं कोणतं होतं गं?”

 तारामतीने पोरीच्या केसांतली धूळ झटकली आणि दोघी बसच्या वाटेला लागल्या.

आता चौदा कुटुंबे चौदा ठिकाणी आहेत. एकमेकांना टाळतात, असे ऐकतो. हिम्मतराव घराबाहेर पडत नाहीत. मला ओढून कुणीतरी या पत्र्याखाली टाकले, आणि माझ्या सांध्यांत माती घट्ट बसली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात, घासून पुसून ठेवा म्हणतात. मी ते मागत नाही. मला पुन्हा वीट पाडायची इच्छा उरलेली नाही.

पण तुम्ही मोठे व्हाल, चार जणांना जमवून काहीतरी बांधाल, आणि सगळ्यांना सारखे मिळावे म्हणून एखादा चांगला नियम कराल. जरूर करा. मात्र एखादे दिवशी कुणी भांडीकुंडी आणि लेकरू घेऊन दारात उभे राहिले, तर त्याला आधी आत घ्या आणि चूल पेटवू द्या. नियम खुशाल बाहेर उभा राहू दे. त्याला ऊन लागत नाही, आणि त्याच्या लेकराची शाळा बुडत नाही.